क्लच प्लेट घसरली की धंदाही घसरतो
जुन्या मोटारसायकलीवर माल वाहणाऱ्या व्यापारी बंधूंसाठी

कापडाच्या धंद्यात माल, भाव आणि उधारी या तीन गोष्टींची चर्चा रोज होते. चौथ्या गोष्टीकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. ती म्हणजे माल वाहून नेणारी गाडी. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांवर विणलेले कापड ट्रकने मोठ्या पेठांत जाते हे खरे. पण पेठेपासून वाडी-वस्तीपर्यंत ते पोहोचवणारा माणूस म्हणजे फेरीवाला, आणि त्याचे दुकान म्हणजे जुन्या मोटारसायकलीच्या मागे आवळून बांधलेले गाठोडे. गाडी उभी राहिली की दुकान बंद.

आम्ही गेली तीस वर्षे भिवंडीत कापडाचा ठोक व्यापार करीत आहोत. आमच्याकडून लुंग्या, टॉवेल, चादरी, साड्या उचलून शहापूर, मुरबाड, वाडा या बाजूला आठवडे बाजार करणारे कितीतरी लोक आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांकडे जुन्या हिरो होंडा गाड्या आहेत. हिरो आणि होंडा यांची भागीदारी १९८४ साली झाली. १९८५ साली त्यांची सीडी १०० बाजारात आली आणि १९९४ साली स्प्लेंडर आली. २०१० साली दोन्ही कंपन्या वेगळ्या झाल्या, पण हिरो होंडा नावाच्या गाड्या आजही रस्त्यावर धावत आहेत आणि गरिबाची रोजी चालवीत आहेत. या गाड्यांचे इंजिन टिकाऊ असते यात शंका नाही. परंतु इंजिन टिकाऊ असले तरी काही भाग झिजण्यासाठीच बनवलेले असतात. क्लच प्लेट हा त्यांतला मुख्य भाग. म्हणून या खेपेस भाव-बाजार थोडा बाजूला ठेवून आम्ही क्लच प्लेटेवर लिहीत आहोत. हा विषयही शेवटी हिशेबाचाच आहे.

क्लच म्हणजे काय?

कापडवाल्याला समजेल अशा भाषेत सांगतो. चादरींची थप्पी जमिनीवर नुसती ठेवली आणि वरच्या चादरीला ओढले, तर ती एकटीच सरकून हातात येते. तीच थप्पी दोरीने घट्ट आवळली, तर एक चादर ओढल्यावर सगळी थप्पी बरोबर येते. क्लच हाच खेळ आहे. एका डब्यात गोल प्लेटांची थप्पी असते. एक प्लेट घर्षणाच्या अस्तराची, एक लोखंडी, पुन्हा एक अस्तराची, अशी ती रचलेली असते. अस्तराच्या प्लेटांचे दात बाहेरच्या डब्यात अडकलेले असतात आणि तो डबा इंजिनच्या जोराने फिरतो. लोखंडी प्लेटांचे दात आतल्या मधल्या भागात अडकलेले असतात आणि तो भाग गिअरच्या दांड्यावर बसलेला असतो. या थप्पीला आवळून धरणाऱ्या दोरीचे काम स्प्रिंगा करतात.

आपण डाव्या हाताने लिव्हर दाबतो तेव्हा स्प्रिंगांचा दाब सुटतो, थप्पी सैल होते आणि इंजिन फिरत असूनही चाकाकडे जोर जात नाही. लिव्हर सोडली की थप्पी पुन्हा आवळली जाते व गाडी चालू लागते. अस्तर झिजून पातळ झाले, लोखंडी प्लेट वाकली किंवा स्प्रिंग थकली, की थप्पी पूर्ण आवळली जात नाही. मग इंजिन जोर लावते, प्लेटा एकमेकींवर घसरतात आणि गाडी आहे तेथेच रेंगाळते.

लक्षणे कशी ओळखावीत?

पहिले लक्षण चढावर दिसते. गाठोडे बांधून चढ चढताना इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही. दुसरे लक्षण पेट्रोलचे. रोजचा रस्ता तोच आणि वजनही तेच असताना टाकी लवकर रिकामी होऊ लागते. तिसरे लक्षण म्हणजे करपल्यासारखा वास. हा वास येऊ लागला तर प्लेटा जळू लागल्या आहेत असे समजावे. चौथी खूण ऑइल बदलताना मिळते. जुने ऑइल नेहमीपेक्षा जास्त काळे येते आणि त्यात अस्तराचा बारीक चुरा सापडतो.

याच्या उलटही एक आजार आहे. लिव्हर पूर्ण दाबली तरी गाडी पुढे ओढते, न्यूट्रल सापडत नाही, गिअर टाकताना खट्ट असा आवाज येतो. त्या वेळी क्लच घसरत नसून तो पूर्ण सुटत नाही. त्याचे कारण वाकलेली लोखंडी प्लेट, डब्याच्या बोटांना पडलेल्या खाचा, किंवा नुसती ढिली झालेली केबल असू शकते. म्हणून कोणतेही लक्षण दिसले तरी सर्वांत आधी केबल पाहावी. लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळी चाल असावी. केबल फार ताणलेली असेल तर लिव्हर सोडूनही क्लच थोडा दाबलेलाच राहतो आणि चांगल्या प्लेटाही घसरू लागतात. केबल लावण्याला पाच मिनिटे लागतात आणि खर्च काहीच नाही. तेवढ्याने काम झाले तर इंजिन उघडण्याची गरज नाही.

दुरुस्ती पुढे ढकलण्याचा भाव

आमचे फेरीवाले बंधू नेहमी म्हणतात, "शेठ, सीझन जाऊ द्या, मग करतो." याचा हिशेब मांडून पाहू. समजा एक माणूस रोज ६० किलोमीटर फिरतो. चांगल्या क्लचवर त्याची गाडी लिटरला ६० किलोमीटर जात होती, ती आता ४५ जाते. म्हणजे एक लिटरच्या जागी रोज सव्वा लिटरहून थोडे जास्त, नेमके १.३३ लिटर पेट्रोल जळते. पेट्रोल १०५ रुपये धरले तर रोजचे ३५ रुपये जादा. महिन्याचे २५ दिवस धरले तर ८७५ रुपये. समजा प्लेटा, गॅस्केट, ऑइल आणि मजुरी मिळून १,५०० रुपये खर्च येतो. म्हणजे दोन महिने पुरे होण्याआधीच ही रक्कम वसूल होते. भाव गावोगाव वेगळे असतील, पण ही बेरीज प्रत्येकाने आपल्या वहीत स्वतः मांडून पाहावी.

ही झाली पेट्रोलची गोष्ट. त्याहून मोठे नुकसान बुडालेल्या बाजाराचे आहे. आठवडे बाजार आठवड्यातून एकदाच भरतो. त्या दिवशी गाडी वाटेत बसली, तर तो बाजार पुढच्या आठवड्यापर्यंत गेला. विक्री गेली की आमची वसुली थांबते, आणि आमची वसुली थांबली की मागवाल्याचे देणे थांबते. फेरीवाल्याची क्लच प्लेट आणि ठोक व्यापाऱ्याची उधारी एकाच साखळीच्या कड्या आहेत. म्हणून ही गोष्ट फेरीवाल्याची खासगी आहे असे समजून ठोक व्यापाऱ्याने गप्प बसणे बरोबर नाही.

काम कसे होते?

मालकाला स्वतः पाना हातात घ्यायचा नसला तरी काम कसे होते हे त्याला ठाऊक असावे. ज्या मालाची पारख नाही तो माल विकत घेऊ नये, असे आपण म्हणतो. तोच नियम येथेही लागू आहे.

स्प्लेंडरसारख्या गाडीचा क्लच इंजिनच्या उजव्या बाजूला असतो. प्रथम इंजिनचे सर्व ऑइल काढतात. किक आणि आड येणारा पायदांड काढून क्लचची केबल सोडतात. मग उजव्या बाजूच्या झाकणाचे बोल्ट निघतात. हे बोल्ट लांबीला सारखे नसतात. चांगला कारागीर ते पुठ्ठ्यावर भोके पाडून त्याच क्रमाने टोचून ठेवतो, म्हणजे परत लावताना गोंधळ होत नाही.

झाकण निघाल्यावर क्लचचा डबा समोर दिसतो. स्प्रिंगांवरचे बोल्ट एकदम न सोडता समोरासमोरचे थोडे थोडे सोडायचे असतात. या पद्धतीच्या छोट्या इंजिनात थप्पीला दाबणारी प्लेट बहुतेक आतल्या बाजूला असते. त्यामुळे मधला खाचांचा नट सोडल्याशिवाय प्लेटा हाती येत नाहीत. या नटासाठी खास चार दातांचा पाना मिळतो. ज्या गॅरेजात हा पाना नाही आणि छिन्नी-हातोड्याने नट फिरवला जातो, तेथे गाडी देऊ नये. छिन्नीने नटाच्या खाचा खराब होतात व पुढच्या वेळी तो सुटत नाही.

प्लेटा बाहेर आल्यावर तीन गोष्टी पाहायच्या. पहिली, अस्तराच्या प्लेटेची जाडी. नवी प्लेट साधारण तीन मिलिमीटर असते, आणि मिलिमीटरचा काही अंश झिजला तरी ती बाद होते. हे डोळ्यांनी दिसत नाही, त्यासाठी व्हर्नियर लागतो. किती झीज चालेल याचा आकडा कंपनीच्या पुस्तकात दिलेला असतो. दुसरी गोष्ट, लोखंडी प्लेट. ती काचेवर सपाट ठेवून कडेला पातळ पत्ती सरकवून पाहावी. पत्ती आत गेली तर प्लेट वाकली आहे. प्लेटेवर निळे डाग असतील तर ती तापून गेलेली आहे. तिसरी गोष्ट म्हणजे स्प्रिंगा. त्या नव्या स्प्रिंगेशेजारी उभ्या करून उंची पाहावी. आखूड झालेली स्प्रिंग थकलेली असते, आणि स्प्रिंगा बदलायच्या तर सगळ्या एकदम बदलाव्यात.

नव्या प्लेटा कोरड्या बसवू नयेत. त्या इंजिन ऑइलमध्ये भिजवून मगच बसवाव्यात, नाहीतर पहिल्याच फेरीत तापतात. झाकणाची जुनी गॅस्केट पूर्ण खरवडून नवी घालावी. आणखी एक गोष्ट आग्रहाने करून घ्यावी. याच झाकणाच्या आत क्रँकच्या टोकावर ऑइल गाळणारी फिरती वाटी असते. तिच्यात वर्षानुवर्षांचा गाळ साचतो. झाकण उघडलेच आहे तर ती वाटी साफ करावी, वेगळी मजुरी लागत नाही.

शेवटी ऑइल भरणे, केबल लावणे, आणि इंजिन चालू करून गिअर टाकून पाहणे. पहिले काही दिवस गाठोडे हलके ठेवावे, म्हणजे प्लेटा एकमेकींवर नीट बसतात.

एक भांडण आणि त्याचा निवाडा

गेल्या वर्षी आमच्या एका फेरीवाल्याने क्लच प्लेटा बदलून घेतल्या. महिना झाला नाही तोच क्लच पुन्हा घसरू लागला. तो संतापला. उरलेली मजुरी देणार नाही म्हणाला. मिस्त्री म्हणाला, माझे काम चोख आहे. दोघेही आमच्या ओळखीचे, म्हणून वाद आमच्या गादीवर आला.

आम्ही म्हटले, तोंडी वाद नको, इंजिन उघडा. उघडले. अस्तराच्या प्लेटा नव्या होत्या, पण लोखंडी प्लेटा जुन्याच होत्या. त्यांतल्या दोन निळ्या पडलेल्या आणि वाकलेल्या. मिस्त्री म्हणाला, "शेठ, मी यांना सांगितले होते, लोखंडी प्लेटाही बदला. हे म्हणाले, राहू द्या, पैसे कमी आहेत." फेरीवाला म्हणाला, "उस्ताद, तुम्ही म्हणालात की बदलल्या तर बरे. न बदलल्या तर नव्या प्लेटा जळतील, हे तुम्ही सांगितले नाही."

विचार केला तर दोघेही खरे बोलत होते. एकाने सल्ला दिला, दुसऱ्याने तो अर्धाच ऐकला, आणि लिहिलेले कोणाकडेच काही नव्हते. कापडाच्या व्यवहारात मीटर, भाव आणि दर्जा चिठ्ठीवर लिहिल्याशिवाय आपण एक थानही हलवत नाही. गाडी मात्र नुसत्या बोलण्यावर सोडून येतो. शेवटी असे ठरले की सामानाचे पैसे फेरीवाल्याने द्यावेत, दुसऱ्या खेपेची मजुरी मिस्त्रीने सोडावी, आणि पहिल्या खेपेची बाकी फेरीवाल्याने चुकती करावी. दोघांनी मानले. त्या मिस्त्रीने त्या दिवसापासून चिठ्ठीपुस्तक ठेवले आहे. काय बदलले, काय बदलायला सांगितले, आणि गिऱ्हाईकाने काय नको म्हटले, हे तीनही तो लिहितो व गिऱ्हाईकाची सही घेतो. जुने भाग पिशवीत घालून परत देतो. त्याचे गिऱ्हाईक यामुळे कमी झाले नाही, वाढले.

सामान कसे घ्यावे?

बाजारात तीन प्रकारचा माल असतो. एक कंपनीच्या पाकिटातला, दुसरा नावाजलेल्या सुट्या भागांच्या कारखान्यांचा, आणि तिसरा बिननावाचा किंवा खोट्या नावाचा. पहिल्या दोन्हींत काम होते. तिसरा स्वस्त दिसतो, पण त्याचे अस्तर लवकर सुटते व ऑइलमध्ये मिसळते. पुण्याची नाना पेठ असो की दिल्लीचे करोल बाग, या मोठ्या बाजारांतही तीनही प्रकार शेजारी शेजारी मिळतात. म्हणून दुकानाच्या नावावर न जाता पाकीट पाहावे. छपाई, भागाचा क्रमांक, छापील किंमत आणि शिक्का तपासावा व पक्के बिल घ्यावे. खोटे लेबल लावलेला थान आपण बोटांनी ओळखतो. मग सुट्या भागाच्या बाबतीत डोळे मिटून कसे चालेल?

ऑइलच्या बाबतीतही सावध राहावे. मोटारसायकलीचा हा क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. मोटारीसाठी बनवलेल्या काही ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. ती मोटारीला चांगली, पण येथे नव्या प्लेटाही घसरवू शकतात. म्हणून डब्यावर जासो एमए हा दर्जा लिहिलेला आहे की नाही ते पाहावे. तो ओल्या क्लचच्या मोटारसायकलींसाठीच ठरवलेला आहे.

गाडी बदलली की रीत बदलते

काहींकडे यामाहा आरएक्स १०० आहे. ती १९८५ साली आली आणि १९९६ साली तिचे उत्पादन बंद झाले. ती टू स्ट्रोक असल्याने इंजिनचे ऑइल पेट्रोलबरोबर जळते आणि क्लचचे व गिअरचे ऑइल वेगळे असते. ते कमी झाले तर इंजिनच्या आवाजावरून कळत नाही, म्हणून ते मुद्दाम तपासावे लागते. जुन्या लोखंडी इंजिनच्या बुलेटचा क्लच डाव्या बाजूला साखळीच्या झाकणात असतो. ते झाकण मधल्या एकाच नटावर बसलेले असते. ते काढताना खाली परात ठेवली नाही तर सगळे ऑइल जमिनीवर जाते. सांगायचे एवढेच की स्प्लेंडरचा मिस्त्री बुलेटचाही असेल असे गृहीत धरू नये. ज्या गाडीवर ज्याचा हात बसला आहे त्याच्याकडेच ती न्यावी.

सवयी बदला, प्लेटा टिकतील

प्लेटा किती टिकतील हे किलोमीटरपेक्षा हातावर अवलंबून आहे. चालवताना बोटे लिव्हरवर ठेवण्याची सवय सोडावी. चढावर गाडी अर्ध्या क्लचवर धरून उभी करू नये, ब्रेक वापरावा. गिअर वेळेवर खाली घ्यावा. वजनाची मर्यादा कंपनीच्या पुस्तकात दिलेली असते आणि तिच्यात चालवणाऱ्याचे वजनही धरलेले असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. दोन गाठोडी एका फेरीत नेऊन वाचलेले पेट्रोल क्लच वसूल करून घेतो.

विजेच्या स्कूटरला असा क्लच नसतो आणि पुढे कदाचित बरेचसे फेरीवाले तिच्याकडे वळतील. पण ज्याच्या दारात आज जुनी मोटारसायकल उभी आहे, त्याला आजचीच रोजी कमवायची आहे. अशा सर्व बंधूंना आमचे सांगणे आहे की सणाचा हंगाम सुरू होण्याच्या महिनाभर आधी गाडी दाखवून घ्यावी. हंगामात गॅरेजात रांग असते आणि घाईत काम कच्चे होते. ठोक व्यापाऱ्यांना आमची विनंती आहे की भरवशाच्या फेरीवाल्याला मालाची उधारी देता, तशी गरज पडल्यास क्लचपुरती रक्कमही खात्यावर लिहून द्यावी. ती बाजाराच्या दोन-चार फेऱ्यांत परत येते. आणि गॅरेज चालवणाऱ्या तरुण कारागिरांना एवढेच सांगतो, व्हर्नियर, चार दातांचा पाना आणि चिठ्ठीपुस्तक या तीन वस्तू दुकानात ठेवा. हाताच्या हुन्नराला लिखापढीची जोड मिळाली की गिऱ्हाईक पुन्हा दुसरीकडे जात नाही.